नियम पाळला, पण ऐकलं का?

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की तेच प्रश्न पुन्हा फिरू लागतात. मांस सोडायचं, मग मासे चालतात का? रविवारी खाल्लं तर उपास मोडला का? फोन बाजूला ठेवला तर तो उपास धरतात का? प्रश्न प्रामाणिक असतात आणि त्यांना उत्तरंही असतात. उदाहरणार्थ, पाश्चात्त्य परंपरेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत खरं तर ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपासाचे धरत नाहीत, म्हणून ‘चाळीस दिवस’.

पण या प्रश्नांच्या तळाशी आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारत नाही. हे सगळं काटेकोर पाळूनही माणूस देवापासून लांबच राहू शकतो का? बायबल याला ‘हो’ म्हणतं, आणि तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला हे उत्तर उशिरा उमगलं, म्हणून ते जमेल तितकं सोपं करून मांडते.

## ‘ऐकणं’ या शब्दात काय आहे

‘मुलगा ऐकत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असं कोणालाच वाटत नाही. मराठीत ऐकणं म्हणजे कानावर घेणं, आणि ऐकणं म्हणजे सांगितलेलं मानणंसुद्धा. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला तिच्यातही नेमकं असंच आहे. ‘शमा’ या क्रियापदाला हे दोन्ही अर्थ आहेत. ग्रीक आणि लॅटिनमधले आज्ञापालनाचे शब्दही ‘ऐकणे’ याच धातूवरून आले आहेत.

‘पाळणं’ वेगळं. वेळ पाळता येते, पथ्य पाळता येतं, शिस्त पाळता येते. त्यासाठी समोर कोणी असावं लागत नाही, नियम माहीत असला की पुरे. ऐकायचं म्हटलं की मात्र कोणाचं तरी ऐकायचं असतं. समोर माणूस हवा आणि त्याच्याशी नातं हवं. बाहेरून नियम पाळणं आणि आतून आज्ञा मानणं यांतला सगळा फरक मला या दोन क्रियापदांत दिसतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १५व्या अध्यायात शौल राजाची गोष्ट आहे. लढाईतली लूट ठेवायची नाही, अशी त्याला आज्ञा होती. (त्या युद्धाच्या आज्ञेचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, तो इथे दोन ओळींत उरकणं बरं नाही.) शौलाने निवडक मेंढरं आणि गुरं राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर सांगितलं, ‘मी प्रभूची आज्ञा पाळली.’ शमुवेल विचारतो, ‘मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं बेंबावणं कुठून येतंय?’ शौल म्हणतो, ती यज्ञासाठी ठेवली आहेत. म्हणजे धर्मकृत्यासाठीच! त्यावर शमुवेलाचं उत्तर प्रसिद्ध आहे: यज्ञापेक्षा आज्ञा मानणं चांगलं. मूळ हिब्रूत इथे ‘शमा’च आहे. यज्ञापेक्षा ऐकणं चांगलं.

## दात आवळून म्हटलेलं ‘सॉरी’

दोन भावंडांचं भांडण झालेलं आहे. थोरल्याने धाकट्याला ढकललं. आई म्हणते, ‘आधी सॉरी म्हण त्याला.’ थोरला भिंतीकडे बघतो, दात आवळतो आणि म्हणतो, ‘सॉ-री.’ शब्द बरोबर आहे, आज्ञा पाळली गेली आहे. पण धाकटा अजून रडतोय, कारण आपल्याला काहीच मिळालेलं नाही हे त्याला कळतं. आईलाही कळतं.

तरीही आई चुकली का? मला नाही वाटत. तो शब्द उच्चारायची सवय लागली नाही तर पुढे मनापासून म्हणायची वेळ येईल तेव्हा तो जिभेवर येणारच नाही. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

## परूशी खरोखर इतके वाईट होते का?

बाहेरच्या धार्मिकतेचा विषय निघाला की परूश्यांचं नाव येतंच. ख्रिस्ती बोलण्यात ‘परूशी’ म्हणजे ढोंगी असं समीकरणच होऊन बसलं आहे. ते अन्यायाचं आहे आणि आपल्यासाठी धोक्याचंही.

परूशी हा पहिल्या शतकातला ज्यू धर्मातला एक गट. इतिहासकार जोसेफस त्यांची संख्या ६,०००हून थोडी जास्त सांगतो. देवाचं नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या आज्ञा, फक्त मंदिरातल्या याजकांपुरतं न राहता प्रत्येक घरात, प्रत्येक पंगतीत जगलं जावं, ही त्यांची तळमळ होती. ज्यू परंपरा नियमशास्त्रात ६१३ आज्ञा मोजते: २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. चुकूनही आज्ञा मोडू नये म्हणून तिच्याभोवती आणखी नियमांचं कुंपण घातलं जाई. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या, दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार दिले आहेत. हे लोक टंगळमंगळ करणारे नव्हते. मनापासून देवाला धरून राहू पाहणारे होते.

आणि ‘मन महत्त्वाचं’ हा शोध ख्रिस्ती लोकांनी लावलेला नाही. ‘देवावर पूर्ण मनाने प्रीती कर’ ही आज्ञा मोशेच्या पाच पुस्तकांपैकी ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहे. अंतःकरणाची सुंता करा, हे मोशेच सांगतो. भावाचा मनात द्वेष करू नको, हे त्यांतलंच ‘लेवीय’ हे पुस्तक सांगतं. यशया, आमोस, होशेय, मीखा हे संदेष्टे न्यायाविना चाललेल्या सणांवर आणि यज्ञांवर तुटून पडले. येशू परूश्यांशी वाद घालताना होशेयाचंच वचन काढतो, ‘मला यज्ञ नको, दया हवी’, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, ते दोनदा येतं. हा घरातला वाद होता. बाहेरून कोणी दगड मारत नव्हतं.

धोका असा, की परूशी म्हणजे ‘ते दुसरे’ असं ठरवलं की आपण आरशात बघायचं सोडून देतो. ‘दिदाखे’ नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती लेखात उपासाची एक सूचना आहे: ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले. पण ढोंग वारात नसतंच, ते कोणत्याही वारी करता येतं. शुभवर्तमान जे सांगत होतं, ते त्या एका ओळीत किती चटकन निसटलं, याचं मला वाईट वाटतं.

## डोंगरावर येशूने नेमकं काय केलं

मत्तयाच्या ५ ते ७ या अध्यायांना डोंगरावरचं प्रवचन म्हणतात. त्यात सहा वेळा एकच घडण येते: ‘असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे… पण मी तुम्हांला सांगतो.’ खून करू नको, इथून येशू रागापर्यंत जातो. व्यभिचार करू नको, इथून नजरेपर्यंत.

पुष्कळांना वाटतं, येशूने नियम आणखी कडक केले. एका अर्थी ते खरं आहे. पण नीट पाहिलं तर त्याने नियमाची जातच बदलली. ‘खून करू नको’ हा नियम पाळून संध्याकाळी निवांत होता येतं: आज खून केला नाही, झालं. ‘भावावर राग धरू नको’ यापुढे निवांत कोण होईल? तिथे बरोबरची खूण करायला जागाच नाही. माणूस अशा ठिकाणी येतो, जिथे त्याला देवाकडे तोंड वर करावंच लागतं.

सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास अशा तीन गोष्टी येतात. तिन्ही चांगल्या, आणि लोकांनी पाहावं म्हणून त्या करणाऱ्यांविषयी येशू म्हणतो, त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. इथलं ग्रीक क्रियापद त्या काळी पैसे चुकते झाल्याच्या पावत्यांवर लिहीत. लोकांची वाहवा हवी होती, ती मिळाली, पावती फाडली. आता देवाकडून काही येणं राहिलं नाही. आणि ‘ढोंगी’साठी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा मूळ अर्थ रंगमंचावरचा नट. नट वाईट काम करत नसतो, फक्त त्याला प्रेक्षक लागतात.

## माझी वही आणि ‘कुर्बान’

मार्काच्या सातव्या अध्यायात येशू एक उदाहरण देतो. एखादा माणूस आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करतो आणि म्हणून म्हाताऱ्या आईबापांना त्यातलं काही द्यायला तो मोकळा राहत नाही. नवस केला आहे, नवस मोडायचा नाही, हा नियम. तो पाळला गेला, आणि ‘आईबापांचा मान राख’ ही आज्ञा त्याच नियमाखाली चिरडली गेली.

हे मी कितीतरी वर्षं दुसऱ्यांची गोष्ट म्हणून वाचलं. मग एक रात्र आली. माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. रोज बायबलचे तीन अध्याय वाचायचे आणि तारखेपुढे बरोबरची खूण करायची. सलग कित्येक महिने एकही रकाना रिकामा नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या रात्री शेजारच्या खोलीतून आईने हाक मारली. तिला उशी नीट करून हवी होती. मी म्हटलं, ‘थांब ना जरा, वाचतेय.’ दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी उत्तरही दिलं नाही. तिसरा अध्याय संपवला, खूण केली, पेनाचं टोपण लावलं आणि गेले. आई भिंतीला हात टेकून स्वतःच उठली होती आणि एका हाताने उशी ओढत होती. ती काही बोलली नाही.

मी नियम पाळला होता. आणि घरात त्या वेळी ऐकण्यासारखं जे एकच होतं, तेच ऐकलं नव्हतं.

## मग नियम कशाला हवेत?

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. मनच महत्त्वाचं असेल तर उपास, प्रार्थनेच्या वेळा, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं) हे सगळं सोडून द्यावं का?

येशूने असं म्हटलेलं नाही. पुदिना, शेप, जिरे यांचासुद्धा दशांश देणाऱ्यांना तो न्याय, दया आणि विश्वास यांची आठवण करून देतो आणि लगेच पुढे म्हणतो: हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, हेही त्याचंच वाक्य.

अठराव्या शतकातल्या जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाचं आयुष्य इथे फार बोलकं आहे. ऑक्सफर्डमध्ये तो आणि त्याचे सोबती इतके शिस्तीने राहत की लोक त्यांना ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतशीर वागणारे, असं चिडवत. बुधवारी आणि शुक्रवारी उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, सगळं ठरल्याप्रमाणे. तो दीक्षित पाळक होता. तरी आत शांती नव्हती. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये एका छोट्या सभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचत होतं. ती ऐकताना आपलं अंतःकरण विलक्षण उबदार झालं आणि आपला भरवसा फक्त ख्रिस्तावर आहे असं जाणवलं, असं वेस्लीने दैनंदिनीत लिहून ठेवलं आहे. पुढे त्याने नियम फेकून दिले का? उलट, १७४३मध्ये आपल्या मंडळ्यांसाठी त्याने लेखी नियम काढले: वाईट करू नका, चांगलं करा, देवाने नेमून दिलेले उपासनाविधी पाळा. नियम राहिले. त्यांचं काम बदललं. आधी ते देवापर्यंत चढायची शिडी होते, नंतर वेलीला आधार देणारा मांडव झाले. मांडव वेल वाढवत नाही. पण मांडव काढला तर वेल जमिनीवर लोळते.

## ‘देव मन बघतो’ म्हणून सुटका नाही

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘माझं मन साफ आहे, देवाला सगळं कळतं’, आणि मग हातून काहीच घडत नाही. याकोबाचं पत्र याला थेट उत्तर देतं: उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ असं म्हणून काही दिलं नाही, तर उपयोग काय? कृतीविना विश्वास मेलेला आहे. आणि आपलं मन साफ आहे हे आपल्याला कोणी सांगितलं? यिर्मया तर म्हणतो, मनासारखं कपटी दुसरं काही नाही.

विश्वास आणि कृत्यं यांवरून पाश्चात्त्य चर्च सोळाव्या शतकात दुभंगलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन (ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चांचा जागतिक संघ) यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा: देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, म्हणजे न कमावलेल्या प्रेमाने, आणि सत्कृत्यं त्या स्वीकाराच्या पाठोपाठ येतात. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण दोन्ही बाजूंनी एवढं एकत्र म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

## मन लागत नसताना प्रार्थना केली तर ते ढोंग नाही का?

हा प्रश्न सर्वांत प्रामाणिक माणसं विचारतात, आणि त्यांना चुकीचं उत्तर मिळालं तर ती प्रार्थनाच सोडून देतात. म्हणून इथे जरा थांबते.

‘आतून’ म्हणजे ‘उत्साहाने’ नव्हे. गेथशेमाने बागेत येशूला वधस्तंभाकडे जायची इच्छा होत नव्हती. तो देवाला तसं सांगतोही: हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि मग: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. इतकं खोल आज्ञापालन दुसरं नाही, आणि त्यात उत्साहाचा लवलेश नाही. त्याने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यातही तेच. एक मुलगा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. दुसरा ‘नाही जात’ म्हणतो, मग पस्तावतो आणि मळ्यात कामाला जातो. बापाचं ऐकलं कोणी? दुसऱ्याने.

ढोंग म्हणजे नसलेलं मन आहे असं दाखवणं. नसलेलं मन घेऊन देवासमोर जाणं आणि ‘आज मन नाही’ असं त्यालाच सांगणं हे ढोंग नाही, ती प्रार्थना आहे. स्तोत्रसंहिता अशा प्रार्थनांनी भरलेली आहे.

कुरकुर मात्र वेगळी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या पाचव्या प्रकरणात तो म्हणतो, शिष्याने सांगितलेलं केलं, पण तोंडाने किंवा नुसती मनातल्या मनात कुरकुर केली, तर काम पूर्ण होऊनही देव ते स्वीकारत नाही, कारण तो कुरकुरणारं मन बघतो. इथे एक भेद करायला हवा. थकलेलं मन म्हणतं, ‘मला जमत नाहीये.’ कुरकुरणारं मन म्हणतं, ‘माझ्यावर अन्याय होतोय.’ पहिलं मन देवाशी बोलत असतं. दुसरं हिशेब मांडत असतं.

लूकच्या १५व्या अध्यायातला थोरला मुलगा बघा. उधळ्या धाकट्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, थोरल्याकडे लक्ष कमी जातं. तो शेतावरून परत येतो, घरातून वाद्यांचा आवाज येतो, आणि तो दारातच अडून बसतो. बाप समजूत घालायला बाहेर येतो तेव्हा तो म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला कधी एक करडूही मिळालं नाही. ‘चाकरी’साठी मूळ ग्रीक क्रियापद दासाच्या राबण्याचं आहे. मुलगा असून तो इतकी वर्षं गुलाम म्हणून राबत होता, आणि बापाला ते माहीतच नव्हतं. धाकट्याला माफी मिळाली म्हणून ते बाहेर आलं. दुसऱ्यावर झालेली दया आपल्याला सहन होत नसेल, तर आपण नियम कशासाठी पाळत होतो, ते तिथे उघडं पडतं.

## दुसऱ्याचं मन कोण मोजणार?

कोणीच नाही. आणि ज्यांच्या हाती मंडळीत अधिकार असतो त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवायला हवं. ‘तुझं पाळणं वरवरचं आहे’ हे वाक्य दुसऱ्यावर उगारलं की तेही एक हत्यारच होतं, आणि जुन्या नियमांपेक्षा क्रूर, कारण नियम पाळून तरी दाखवता येतो, मन दाखवता येत नाही. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो: एक जण सगळं खातो, एक जण फक्त भाजीपाला खातो, एक जण अमुक दिवस मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो. दोघेही प्रभूसाठी करत असतील. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण?

## मन बदलतं कसं?

नियमाने हात बदलतो, मन बदलत नाही. मग मन बदलायचं कोणी? यहेज्केलाच्या ३६व्या अध्यायात देव म्हणतो, मी तुमच्यातलं दगडी हृदय काढून तुम्हांला मांसाचं हृदय देईन. ते काम त्याने स्वतःकडे घेतलं आहे.

चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन याने आपल्या आत्मकथनात देवाला उद्देशून लिहिलं आहे: तू ज्याची आज्ञा करतोस ते तूच दे, आणि तुला हवी ती आज्ञा कर. रोममध्ये कोणीतरी हे वाक्य पेलागियस या त्याच काळातल्या ख्रिस्ती शिक्षकासमोर म्हटलं आणि तो संतापला, असं ऑगस्टिननेच पुढे नोंदवलं आहे. पेलागियस शुद्ध आचरणाचा माणूस होता. ‘तूच दे’ म्हटल्यावर माणसं आळशी होतील, ही त्याची भीती. भीती खोटी नव्हती. पण स्वतःच्या बळावर मन वळवायला जो बसला आहे, त्याला ती भीती परवडते तरी किती दिवस? चर्चने शेवटी ऑगस्टिनच्या बाजूने कौल दिला. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण अमान्य केली.

निळी वही अजून माझ्याकडे आहे. तीन अध्याय मी अजूनही वाचते, बहुतेक रोज. रकाने भरणं त्या रात्रीनंतर बंद केलं. पहिल्या पानावर ऑगस्टिनचं ते वाक्य लिहिलं आहे, आणि वाचायला बसताना खोलीचं दार आता उघडं ठेवते.